डर्बीवरचे एमिल उयो

एमिल झुर्को तुमच्याकडे नुसतं पाहतात आणि तुमचं वजन त्यांना कळतं. दोन-चार पौंडांचा फरक पडलाच तर तो तुमच्या बुटांचा. आमच्या हॅरोफर्ड गावातल्या निम्म्या बायका चर्चच्या पायरीवर त्यांच्याशी बोलताना पर्स पोटाशी धरून उभ्या राहतात, त्याचं कारण हे. खरं तर घाबरण्यासारखं काही नाही. कळलेलं वजन एमिल उयो कुणाला सांगत नाहीत. आमच्या स्लोव्हाक लोकांत वडीलधाऱ्या बाप्याला उयो आणि बाईला तेता म्हणतात, नातं असो वा नसो; पण एमिल उयोंच्या बाबतीत हाक मारताना आवाज आपोआप जरा खाली येतो.

ही विद्या त्यांना डर्बीनं शिकवली. डर्बी म्हणजे आमच्या ऑटर ग्रोव्ह पार्कातला लाकडी रोलर कोस्टर. पांढऱ्या रंगाच्या पाइनच्या सांगाड्यावरून दोन रूळ शेजारी शेजारी जातात. एकावर लाल गाडी, दुसऱ्यावर निळी. एकाच घंटेला दोन्ही सुटतात आणि चढ, उतार, वळणं सगळं बरोबरीनं घेत शर्यत लावतात. उयो एकतीस वर्षं तिथल्या फलाटावर उभे आहेत, पुरुषभर उंचीच्या लाकडी ब्रेकच्या दांड्यापाशी. त्याआधी ते नदीकाठच्या पोलादाच्या कारखान्यात होते. कारखाना बंद पडला तेव्हा वय अडतीस. "एका उन्हाळ्यापुरतं जातो," असं घरी सांगून पार्कात आले. तो उन्हाळा अजून संपलेला नाही.

बाहेरून येणाऱ्यांना वाटतं, ब्रेक ओढणं हे त्यांचं काम. ते तर कुणीही ओढेल. खरं काम गाडी सुटायच्या आधीचं, माणसं बसवायचं. लाकडी रुळावर जड गाडी जोरात पळते. एकीत ट्रकवाले आणि दुसरीत शाळेची सहल बसली तर शर्यत कसली, ती नुसती वरात. म्हणून उयो रांगेवरून नजर फिरवतात आणि दोन्ही गाड्या अशा भरतात, की शेवटच्या वळणापर्यंत कोण जिंकणार ते देवालाही सांगता येऊ नये. आणि कुणाला जाड म्हणायचं नाही, हा त्यांचा नियम. पोट सुटलेल्या माणसाला ते गंभीरपणे सांगतात, "साहेब, निळीला तुमच्यासारख्या माणसाची गरज आहे." तो माणूस फुलून जातो आणि आधीच फुललेला असल्यामुळे जेमतेम सीटमध्ये मावतो.

तर गेल्या वर्षीची गोष्ट.

आमच्या गावात चढावर एक चर्च आहे आणि उतारावर एक. दोन्ही स्लोव्हाक लोकांची, दोन्ही कॅथलिक, आणि दोहोंमधलं अंतर एवढंच, की एका घंटेच्या आवाजात दुसऱ्याचं प्रवचन बुडतं. आमचे पणजोबा एकाच बोटीतून अमेरिकेत उतरले आणि बहुधा बंदरावरच भांडले, त्याशिवाय दोन चर्चं बांधायचं दुसरं कारण कुणाला सापडलेलं नाही. आम्ही वरचे. झुर्कोही वरचेच. तेता इर्मा, म्हणजे उयोंची बायको, वरच्या चर्चच्या तळघरातलं स्वयंपाकघर चौतीस वर्षं चालवत होती. दर गुरुवारी तिथं ऐंशी डझन पिरोही व्हायच्या. बटाट्याचं सारण भरून, कडा चिमटून, उकडून, लोण्यात परतून. माझी आई तिथं चिमटे काढायला जाते. तेता इर्मा टेबलांमधून फिरायची आणि एखादीची कड सुटलेली दिसली की ती पिरोही उचलून सगळ्यांना दाखवायची. आई सांगते, चौतीस वर्षांत ती कुणाला एक वाईट शब्द बोलली नाही, नुसतं दाखवायची.

खालच्या चर्चच्या तळघरात हेच सगळं तेता ब्लांका तिमको करायची. तिथं म्हणे कांदा जास्त.

मार्चमध्ये बिशपांचं पत्र आलं. लोक कमी झाले, छपरं गळतात, तेव्हा दोन्ही चर्चं एक करा. प्रार्थना आलटून पालटून दोन्हीकडे करा, पण स्वयंपाकघर एकच ठेवा, दोन भट्ट्यांचा विमा परवडत नाही. कुठलं ठेवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

बिशप हुशार माणूस. ठरवायचं काम त्यांनी नव्या फादरांच्या गळ्यात घातलं. फादर टूमी आयरिश, वय तेहतीस, स्वभावाने गरीब. तीन सभा झाल्या. तिसरीत तेता ब्लांकानं बोलता बोलता वरच्या लोकांच्या पिरोहीला "ओला लिफाफा" म्हटलं आणि सभा तिथंच मोडली. फादर डोकं धरून म्हणाले, "मग काय डर्बीवर शर्यत लावून ठरवायचं का?"

ते चेष्टेत म्हणाले होते. पण जुलैत स्लोव्हाक दिवसाला सगळं गाव पार्कात लोटतं आणि वरच्या-खालच्यांची डर्बीवर एक शर्यत दरवर्षी होतेच, नुसत्या फुशारकीसाठी. वरचे लालमध्ये, खालचे निळीत. त्यामुळे दोन्हीकडच्या लोकांना ही सूचना फारच समंजस वाटली. फादरांना ती परत घेता येईना.

एक अट मात्र तेता ब्लांकानं घातली. "दरवर्षी एमिल नजरेनं माणसं निवडतो. एमिलबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तो कुणाच्या घरी जेवतो ते मला माहीत आहे."

"मग वजनकाटा आणा," तेता इर्मा म्हणाली. "माझंही तेच म्हणणं. घरी जेवतो म्हणून हा मला झुकतं माप देईल असं वाटत असेल तर तुम्ही याला ओळखतच नाही."

दोन्ही बायकांचं एकमत झालेली ती पहिली गोष्ट. उयो कोपऱ्यात बसून होते. "आणा," एवढंच म्हणाले.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी मी आईनं त्यांच्याकडून आणलेला बेकिंग ट्रे परत करायला झुर्कोंकडे गेलो, तेव्हा दोघं जेवायला बसलेली.

"मी तुला काही सांगत नाहीये," तेता म्हणत होती.

"ऐकतोय," उयो म्हणाले.

"माझ्या सासूनं, म्हणजे तुझ्याच आईनं, लग्नानंतर दुसऱ्या आठवड्यात मला त्या तळघरात नेलं. एवढंच म्हणत्येय."

"हं."

"ते गेलं तर गुरुवारी मी सकाळी उठून काय करू, ते मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. तुला माहीत असेल तर सांग."

उयोंनी कोबी-शेवयांचा घास खाली ठेवला.  मग म्हणाले, "मलाही माहीत नाही, इर्मा."

मी ट्रे ठेवून निघालो.

स्लोव्हाक दिवसाला ऊन छान पडलं होतं. अकॉर्डियन, कोल्बासी सॉसेजचा धूर, व्हिनेगर मारलेल्या बटाट्यांच्या पुड्या, सगळं नेहमीसारखं. नेहमीसारखं नव्हतं ते डर्बीपाशी. वजन ओळखण्याच्या स्टॉलवरचा मोठा काटा फलाटाखाली आणून ठेवला होता आणि दोन्ही चर्चची माणसं एकेक करून त्यावर चढत होती. प्रत्येक बाजूचे चोवीस. आमच्याकडून पहिला चढला लॅडी बरान, तीनशे दहा पौंड. काटा कण्हला. आमच्या बाजूनं टाळ्या पडल्या. लॅडीला आयुष्यात अशा टाळ्या कधीच मिळाल्या नव्हत्या. तो उतरायलाच तयार होईना.

"बाकीच्यांनाही चढू दे रे!" कुणीतरी ओरडलं.

"मी आणि बाकीचे वेगळे आहोत," लॅडी म्हणाला.

खालच्यांनी तीनशे दहाचा एक नाही, पण अडीचशेचे बरेच आणले होते; पाव-बेकरीवाला हॅव्हरान आणि त्याचे तिन्ही मेहुणे. एकशेअठ्ठेचाळीस पौंडांचा मी काट्यावर चढलो तेव्हा माझ्याच आईनं मान दुसरीकडे वळवली. मला राखीव म्हणून बाजूला उभं केलं. फादरांनी बेरजा केल्या. खालचे सहा पौंड कमी भरले, तर तेता ब्लांकानं पिशवीतून एक अक्रोडाचा रोल आणि कोल्बासीची जुडी काढून मांडीवर घेतली. दोन्हीकडे चार हजार तीनशे वीस. पौंडाला पौंड.

पुढच्या सीटवर लालमध्ये तेता इर्मा, निळीत तेता ब्लांका. दोघींनीही केसांना रुमाल बांधलेले. घंटा झाली, साखळ्यांनी गाड्या पकडल्या आणि कटकट-कटकट करत वर गेल्या. फलाटावरून शेवट तेवढा दिसतो. खडखडाट वाढत आला, शेवटच्या उतारावरून दोन्ही गाड्या खाली कोसळल्या, आणि लाल पुढे. बोटभर नाही, वीतभर नाही, अख्ख्या डब्यानं पुढे!

वरचे नाचायला लागले. तेता इर्मा दोन्ही हात वर करून बसली होती, तिला उतरायचं भान नव्हतं. निळीतून तेता ब्लांका उतरली, हातात कोल्बासी तशीच. ती सरळ उयोंकडे आली आणि तिनं हात पुढे केला.

"काट्यावर झालं, एमिल. माझी तक्रार नाही."

तक्रार खरंच नव्हती. म्हणजे तोंडावर नव्हती. पण हात मिळवताना तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही.

आणि मग आमचे लोक आले. एकेक जण येऊन उयोंच्या पाठीवर थाप मारून जाऊ लागला. लॅडीनं तर डोळाच मारला. "मानलं तुम्हाला, उयो. एवढा काटा आणला, तरी!"

"तरी काय?" उयोंनी विचारलं.

"तरीच की!" लॅडी हसत म्हणाला.

मी बाजूलाच उभा होतो. उयोंचा चेहरा एरवी ब्रेकच्या दांड्यासारखाच, त्यावर फार काही उमटत नाही. पण त्या वेळी ते ज्या तऱ्हेनं लॅडीकडे पाहत होते, तसं मी त्यांना कुणाकडे पाहताना बघितलं नव्हतं. गावानं त्यांना चोर ठरवलं होतं आणि चोरीबद्दल शाबासकी देत होतं.

ते निळ्या गाडीपाशी गेले. गुडघ्यावर बसले. एक चाक हातानं फिरवलं, मग दुसरं. मग लाल गाडीचं. उठून फादरांना म्हणाले, "पुन्हा सोडायच्या. माणसं तीच, गाड्या बदलून."

"एमिल," तेता इर्मा म्हणाली, "गप बस."

"पाच मिनिटांचं काम आहे."

"एमिल! आपण जिंकलोय."

"गाड्या बदलून," उयो पुन्हा म्हणाले.

फादर बिचारे दोघांकडे पाहत राहिले. तेता ब्लांका मात्र सरळ लाल गाडीत जाऊन बसली. मग दुसऱ्यांना इलाज उरला नाही.

दुसऱ्यांदा गाड्या खाली आल्या. लालच पुढे. तेवढीच पुढे, अख्खा डबा. फक्त आता तिच्यात खालचे बसले होते.

आता कुणी नाचलं नाही. उयो फलाटाच्या मध्ये उभे राहिले. त्यांना भाषणाची सवय नाही. ते बोलले ते माझ्या लक्षात आहे, कारण फार थोडं होतं.

"रोज सकाळी मी चाकांना ग्रीस करतो. लालपासून सुरुवात करतो. निळीपाशी पोचेपर्यंत हात थकलेला असतो. एकतीस वर्षं असंच करतोय. निळी सुस्त आहे हे मला आजच कळलं."

"मग इतकी वर्षं बरोबरीत कशा यायच्या?" फादरांनी विचारलं.

उयो थोडे ओशाळले. "डोळ्याला कळत असेल. निळीत मी नेहमी थोडी जड माणसं घालतो. मला वाटायचं, समसमान घालतोय."

म्हणजे काटा बरोबर होता आणि म्हणूनच शर्यत चुकली होती. लोकांना हे पचायला जरा वेळ लागला. लॅडी तर बराच वेळ पचवत होता.

"एकेक झालं," फादर म्हणाले. "तिसरी?"

"तिसरी," उयो म्हणाले. "पण काटा नको. मी बसवणार. वरचे लालमध्ये, खालचे निळीत, दरवर्षीसारखे."

सगळे तेता ब्लांकाकडे पाहू लागले. काटा तिनं मागितला होता आणि समोर उभा होता तो तिच्या वैरिणीचा नवरा. तिनं पिशवीतून रुमाल काढला, चेहरा पुसला, रुमाल घडी घालून परत ठेवला. एवढ्या वेळात माझी आई दोनदा क्रूसाची खूण करून मोकळी झाली.

"बसव," ती म्हणाली.

उयो लाल गाडीच्या कडेनं चालत गेले. एकेका माणसाकडे बघत. शेवटून दुसऱ्या सीटपाशी थांबले.

"लॅडी, उतर."

"कोण, मी?"

"उतर."

"उयो, मी आपल्या बाजूचा आहे!"

"म्हणूनच."

पुढून तेता इर्मा वळली. "एमिल, लॅडीला उतरवलंस तर..." तिनं वाक्य पुरं केलं नाही. उयो वाट पाहत थांबले. त्यांनी तिला ते पुरं करू दिलं असतं, असं मला वाटतं. ती समोर वळून बसली. लॅडी उतरला, मोठा अपमान झाल्यासारखा, आणि उयोंची नजर माझ्यावर पडली.

"तू बस तिथे."

"मी? उयो, माझ्या वजनानं काय..."

"बस."

लॅडीनं उबदार करून ठेवलेल्या त्या सीटमध्ये माझ्यासारखे दोन बसले असते. मांडीवरचा दांडा खाली आला आणि लॅडीच्या मापाला अडकल्यासारखा माझ्यापासून वीतभर वरच थांबला. घंटा झाली.

गाडी चढाला लागली. खालून फक्त साखळीची कटकट आणि लाकडाचं करकरणं. ग्रीसचा आणि उन्हात तापलेल्या पाइनचा वास. पलीकडे निळी अगदी बरोबरीनं वर येत होती. हॅव्हरानचे तिन्ही मेहुणे एका ओळीत, पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखे. माथ्यावर गाडी क्षणभर रेंगाळली, नदी दिसली, दोन्ही चर्चचे मनोरे दिसले, आणि मग खालचं सगळं एकदम निघून गेलं.

डर्बीवरून मी शेकडो वेळा गेलोय. पण जिंकायची गाडी आणि नुसती पळायची गाडी यात फरक असतो हे मला त्या दिवशी कळलं. सीटवरून उडत होतो, दांड्यावर आपटत होतो, आणि तरी निळीकडेच बघत होतो. पहिल्या उतारावर आम्ही पुढे. दुसऱ्या चढावर ते. तिसऱ्या वळणावर दोन्ही रूळ इतके जवळ येतात, की पलीकडच्या गाडीतल्या माणसाला टाळी देता येते. आमच्याकडे ती दिल्याशिवाय फेरी पुरी झाली असं कुणी मानत नाही. मी पुढे पाहिलं. तेता ब्लांकाचा हात बाहेर आला होता. तेता इर्माचा येईना. येईना. आणि मग अगदी शेवटच्या क्षणी आला आणि फाटकन बसला. तिला टाळी म्हणणं अवघड आहे, चापटच होती. पण दिली.

शेवटच्या उतारावर दोन्ही गाड्या शेजारी शेजारी सुटल्या. मी जीव खाऊन पुढे झुकलो, काय उपयोग असतो कोण जाणे. निळी एका तळहातानं पुढे गेली.

फलाटावर गाड्या थांबल्या तेव्हा उयो दांडा धरून उभे होते. तेता इर्मा उतरली, रुमाल सोडला, त्यांच्यासमोरून सरळ निघून गेली आणि पार्किंगमध्ये जाऊन, त्यांच्या बंद मोटारीपाशी उभी राहिली. किल्ली उयोंच्या खिशात होती. त्यांची पाळी संपायला तीन तास होते. ती तीन तास तिथंच उभी होती, आई खुर्ची घेऊन गेली, तर म्हणाली, "बसायची सवय नाही."

त्यानंतर तीन गुरुवार तिनं घरी काढले. खिडक्या धुतल्या. धुतलेल्या पुन्हा धुतल्या. उयोंशी बोलायची, नाही असं नाही. मीठ दे, दार लाव, एवढं. उयोंनी एकदाही आपली बाजू मांडली नाही. मला ते तेव्हा फार चुकीचं वाटलं होतं. आता वाटत नाही.

चौथ्या गुरुवारी ती सकाळी पाचला उठली, एप्रन पर्समध्ये घातला आणि म्हणाली, "सोड मला खाली."

उयोंनी तिला खालच्या चर्चच्या दाराशी सोडलं. पाच मिनिटांत परत येईल अशा खात्रीनं इंजिन बंद न करता थांबले. मी कामावर जाताना त्यांना बघितलं, तसेच बसलेले. अर्ध्या तासानं इंजिन बंद केलं. माझी आई आधीच आत होती, त्यामुळे पुढचं तिच्याकडून कळलं. तेता इर्मा जिना उतरली तेव्हा सगळ्यांचे पिरोही चिमटणारे हात थांबले. तेता ब्लांकानं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "बटाटे सोलायला माणूस कमी आहे." बटाटे सोलणं म्हणजे तिथली सर्वांत खालची जागा, नव्या सुनांना देतात. तेता इर्मानं एप्रन बांधला, सिंकपाशी स्टूल ओढलं, सुरी अंगठ्यावर घासून पाहिली.

"ही काय बोथट आहे!" ती म्हणाली.

"मग चांगली आण पुढच्या वेळी," तेता ब्लांका म्हणाली.

सात तास झाले. दुपारी ती बाहेर आली तेव्हा उयो स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपले होते. तिनं काचेवर टकटक केली. हाताला कोपरापर्यंत पीठ. सिंकपाशी बसलेल्या बाईच्या हाताला पीठ लागत नाही, हे उयोंच्याही ध्यानात आलं असणार. त्यांनी दार उघडून दिलं.

बराच रस्ता गेल्यावर ती म्हणाली, "सारणात मीठच घालत नाहीत त्या. वर्षानुवर्षं."

"मग?" उयोंनी विचारलं.

"मग काय," तेता म्हणाली, "घातलं."